बंद घराची फुली

पालिकेच्या ताप-तपासणीचा नियम सोपा. घर उघडं असलं तर पिंप, बादल्या, फ्रिजमागचं पाणी बघायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं आणि दाराशेजारी खडूने तारीख टाकायची. कुलूप असलं तर फुली मारायची नि पुढे जायचं. नियम करणारा माणूस कधी चाळीचा जिना चढलेला नसतो, पण नियम त्याचाच चालतो.

विमलाबाईने कोपरच्या चाळींतून बावीस वर्षं अशा फुल्या मारल्या. तिच्या कामाकडे बोट दाखवायची कुणाची बिशाद नव्हती.

गेल्या साली गणपतीच्या आदल्या आठवड्यात चौदा नंबरच्या खोलीला कुलूप होतं. तिने खडू टेकवला आणि आतून आवाज आला, "कोण गं?" बारीक, म्हातारा. टीव्ही चालू ठेवून गेले असतील, असं तिने मनाला सांगितलं. मनाचं काय, सोयीचं असलं की लगेच पटतं. तीस घरं अजून उरली होती आणि गुडघे ठणकत होते. फुली मारून ती खाली उतरली.

आत शांताबाई होती. म्हातारी भ्रमिष्ट. दोनदा स्टेशनपर्यंत भटकत गेली, म्हणून लेक बाहेरून कुलूप घालून कामाला जायचा. त्या दिवशी अंगात डेंग्यूचा ताप होता, आणि पालिकेचा डॉक्टर पलीकडच्याच गल्लीत बसला होता. संध्याकाळी लेकाने दार उघडलं तेव्हा म्हातारी दाराशीच पडलेली, गार. तपासणीच्या वहीत 'घर बंद' लिहिलं होतं. खोटं म्हणता येईना. म्हणून विमलाबाईला कुणी काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कुठल्याही कुलपापुढे खडू उचलला की आतून यायचंच, "कोण गं?" गोदामाच्या शटरमागून यायचं, बिल्डरच्या रिकाम्या फ्लॅटमधून यायचं. विमलाबाई ओठ दाबून फुली मारायची. घरी बोलायची सोय नव्हती. सुनेने दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन दाखवलं असतं, वर चार जणींत सांगितलं असतं.

यंदा तिच्या जोडीला अमृता दिली. पोर नवी, जिभेला हाड नाही, पण पायाने चपळ. काळुराम चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका कुलपापुढे अमृताने खडू काढला.

"कोण गं?"

विमलाबाईने तिचं मनगट धरलं. "थांब. आत माणूस आहे."

"कुठे? एवढं नारळाएवढं कुलूप दिसतंय ना, बाई."

"तुला ऐकू नाही आलं?"

"काय ऐकू येणार? पंखासुद्धा बंद आहे. चला, नाहीतर विनीत सर पुन्हा ओरडतील. काल सत्तावीसच घरं झालेली."

आवाज खोटा असणार, हे विमलाबाईला कळत होतं. वर्षभर खोटाच निघाला होता. पण नेमका हाच खरा असला तर? दुसरी म्हातारी मानगुटीवर घेऊन जगायची तिच्यात ताकद नव्हती. आणि कुलूप फोडून आत कुणी नसलं, तर नोकरी जाणार, वर वेडी ठरणार.

शेजारचा परशुराम बनियनवर बाहेर आला. "अहो, ते गावी गेलेत. चार दिवस झाले."

"म्हातारं कुणी आहे त्यांच्यात?"

"आजी आहे ना. पण गेली असेल की."

"तू पाहिलीस जाताना?"

"मी ड्यूटीवर होतो. पण असेल गेली."

"असेल! ह्या 'असेल'नेच माणसं मरतात रे. हातोडा आण."

"माझ्यावर केस व्हायची, बाई."

"तुझ्यावर कशाला? मी मारते. तू आपला बायकोच्या पदराआड उभा राहा."

तीन घावांत कुलूप पडलं. आत गाद्या गुंडाळलेल्या, देव्हाऱ्यावर फडकं, पिंप उपडं घातलेलं. विमलाबाईने खाटेखाली पाहिलं, मोरी पाहिली, पोटमाळ्यावर हात फिरवला. माणूस नाही, माणसाची चाहूलही नाही.

"बाई, या ना बाहेर," अमृता उंबऱ्यापलीकडून रडवेली होऊन म्हणाली.

अर्ध्या तासात विनीत आला, त्यांचा वरचा साहेब. "मावशी, आपण पालिकेचे की दरोडेखोर? आता त्या घरवाल्यांना काय सांगू?"

"सांगा, गेल्या साली चौदा नंबरात शांताबाई जिवंत होती. तिने मला हाक दिली. मी ऐकली आणि फुली मारली."

विनीतने वही मिटली. "वहीत घर बंद आहे, मावशी. बंदच राहू दे. हे पुन्हा कुठे बोलू नका." मग तिची पिशवी आणि गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं.

विमलाबाई खाली उतरून चौकातल्या पायरीवर बसली. तिथून वरची गॅलरी सरळ दिसत होती. पुढच्या दारालाही कुलूप होतं. अमृताने खडू टेकवला आणि जागच्या जागी थिजली. हळूच दाराला कान लावला.

"काय झालं?" विनीत मागून ओरडला. "मार आणि पुढे हो!"

अमृताने भराभर फुली मारली. खाली बघितलंसुद्धा नाही, पुढच्या दाराशी गेली.

विमलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पुन्हा जिना चढायला लागली.