दुसरा बोगदा

संघप्रियानं कॉम्प्युटरवर चालू असलेल्या कामांची यादी पुन्हा मागवली. बोगदा एकच असायला हवा होता. पडद्यावर दोन होते.

समाजमंदिराच्या त्या खोलीत तिच्या मागे गावच्या वन समितीचे अध्यक्ष पत्रूभाऊ उभे होते आणि दाराशी वाघिणीनं जखमी केलेल्या मुखरूची बायको रुखमा. सकाळपासून दोघं जागचे हलले नव्हते.

वाघीण बोडीवर, गावच्या तळ्यावर, पाण्याला आली की काठाच्या पाळीवरचा कॅमेरा तिला ओळखायचा, गावात सायरन वाजायचा आणि चित्र संघप्रियाच्या चंद्रपूरच्या संस्थेत जायचं. गावात नेट मोबाइलच्या सिमवरचं. बाहेरून आत शिरायला वाट नाही. म्हणून संघप्रियानं एक स्क्रिप्ट लिहिली होती. गावातला कॉम्प्युटर सुरू झाला की तोच चंद्रपूरच्या सर्व्हरला एसएसएचनं हाक मारी, मधली, इतरांना बंद असलेली वाट धरून ठेवी आणि कॅमेऱ्याचं पोर्ट त्या वाटेनं सर्व्हरवरच्या पोर्टाला जोडून देई. वाट तुटलीच तर मिनिटभरात पुन्हा जोडली जाई. ऑफिसात सगळे तिला बोगदा म्हणत. अकरा गावांत असे अकरा बोगदे होते.

“वाघीण बोडीवर आली का दहा मिनटात रिसॉर्टच्या गाड्या पाळीवर हजर होऊन राह्यल्या,” पत्रूभाऊ म्हणाले. “त्याह्यले कसं मालूम होते, बाई?”

ऐन धानाच्या रोवण्यात गाड्यांनी पाळ अडवली होती. वाघीण बुजून उलटी फिरली ती सरळ शेताच्या बांधीत. चिखलात वाकून रोवणाऱ्या मुखरूचा खांदा तिच्या पंजाखाली आला. पंधरा दिवस झाले, तो चंद्रपूरच्या दवाखान्यात होता.

तिनं स्क्रिप्ट उघडली. तिच्या ओळींखाली आणखी दोन ओळी होत्या. कॅमेरा तोच, पोर्ट तेच. फक्त वाट एका अनोळखी सर्व्हरकडे जात होती. बदल कोणी केला याची नोंद तिनं काढली. नऊ मार्च. नाव संघप्रियाचं.

नऊ मार्चला ती बाळंतिणींच्या वॉर्डात होती. दवाखान्यात जाण्याआधी तिनं सर्व्हरची आपली डिजिटल चाबी आणि तिचा पासवर्ड लोकेशला दिला होता. आपण नसताना एकही सायरन मुका राहू नये म्हणून. लोकेश संस्थेत तिच्या सहा वर्षं आधीचा. पहिली कमांड तिला त्यानंच शिकवली होती. लेकीच्या नामकरणाला पाळणासुद्धा त्यानंच सजवला होता.

ती ओसरीवर आली आणि फोन लावला.

“लोकेश, दुसरा बोगदा कोणाचा?”



“दोन लायनी तं हायेत,” तो म्हणाला. “तुह्या सायरनचं काही बिघडलं काय?”

“माह्या नावानं काऊन टाकल्या?”

“तू दवाखान्यात होती. बाळंतिणीले कोण विचारते?”

त्याच्या आवाजात भीती असती तर तिला बरं वाटलं असतं. पण तो समजावत होता. पहिल्या दिवशी कमांड समजावली होती तसाच, सावकाश.

“तू घरी जाय. मी इथून काढून टाकतो. कोणाले समजत बी नाई.”

तिनं फोन ठेवला. आत येऊन नोंदीचा फोटो काढला आणि संस्थेच्या संचालकांना पाठवला. त्याखाली काय लिहावं ते सुचेना. तिनं लेकीची जन्मतारीख तेवढी लिहिली: नऊ मार्च. मग दुसरा बोगदा बंद केला, त्या दोन ओळी पुसल्या आणि लोकेशला तिकडून पुन्हा काही घुसवता येऊ नये म्हणून चंद्रपूरहून नवी स्क्रिप्ट आपोआप उतरवून घेणारी सोयही काढून टाकली. एकेक कमांड तिला दोनदा लिहावी लागली.

“रिसॉर्टवाल्याह्यले इथूनच दिसत होतं,” ती मागे वळून म्हणाली. “लोकेशनं केलं. चाबी मी देली होती त्याले.”

पत्रूभाऊंनी रुखमाकडे पाहिलं.

“लोकेशभाऊ मागच्या सोमवारी येऊन गेले. तेबी हेच म्हणे, का रिसॉर्टवाल्याह्यले इथूनच दिसते. फक्त नाव तुमचं घेतलं.”

संघप्रियानं लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली. मग तीच कड पुन्हा पुसली.

“मंग तुमी काय ठरवलं?”

“तुमाले बोलवाचंच नाई, असं ठरलं होतं. रुखमा म्हणे, एकदा येऊ द्या. काय करते ते पाहू.”

सकाळपासून आपल्या पाठीवर खिळलेल्या नजरा कशासाठी होत्या, ते तिला आता कळलं.

तिनं जुनी चाबी रद्द केली, नवी बनवली. पासवर्ड टाकायला सवयीनं बोटं पुढे गेली आणि थांबली. ती उठली, खुर्ची मागे सारली.

“रुखमाताई, तुमी टाका. कॉम्प्युटर बंद पडून सुरू झाला का दर खेपेले तुमालेच टाका लागन. त्याच्याबिगर मलेबी जोडता येनार नाई.”

रुखमा दहावी झालेली होती, समितीचं रजिस्टर तीच लिहायची. तिनं पदराला हात पुसले, खुर्चीच्या अगदी टोकाशी बसली आणि एक बोट कळांवर धरलं. दाबलं मात्र नाही.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमी जरा तिकडे पाहा.”

संघप्रियानं खिडकीकडे तोंड केलं. बाहेर बांध्या हिरव्या झाल्या होत्या. एकच तेवढी अर्धी रोवून राहिली होती. पाठीमागे कळा एकेक करून वाजत होत्या, मधे बराच वेळ थांबून.