पैलवानाचा डबा

मी एक जुना प्लॅस्टिकचा डबा आहे. रंग काळा, झाकण निळं. पोटावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र होतं. घासून घासून त्याचं डोकं कधीच गेलं, दंड तेवढे उरले आहेत. भांडगावात सरूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा मुक्काम असतो. घरात मला 'पैलवानाचा डबा' म्हणतात. मित्रांनो, मी आयुष्यात कुस्ती खेळलो नाही. नुसतं लोकांच्या आशा सांभाळून थकलो आहे.

एका कारखान्यात तापलेल्या साच्यातून माझा जन्म झाला. पोटात प्रोटीनची पावडर आणि एक पांढरा चमचा घालून मला दुकानात पाठवलं. तिथून सरूबाईंच्या मुलाने, सतीशने, मला शिक्रापूरला नेलं. तो तिथे कंपनीत कामाला होता आणि भाड्याच्या खोलीत तीन जोडीदारांबरोबर राहायचा. ड्युटीवरून आला की स्वयंपाकाचा कंटाळा. मग दोन चमचे पावडर पाण्यात ढवळायची, घटाघटा प्यायची आणि जेवणाला फाटा द्यायची.

"क्या बॉडी बनाया, सतीश भाई!" खोलीतला ईश्वर म्हणायचा. सतीश माझ्याकडे बोट दाखवायचा. खरं तर ते दंड दिवसभर पेट्या उचलून आले होते. पण मला कोण विचारतो? पुढे एकदा तो मशीनपाशीच चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी पावडरीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "आधी दोन वेळा पोटभर जेव, बाबा." मी रिकामा झालो तसा त्याने मला सुट्टीला घरी आणलं.

चांगला डबा टाकून देणं सरूबाईंच्या स्वभावात नाही. राखेने घासून, उन्हात वाळवून त्यांनी माझ्यात जांभळाच्या बियांची भुकटी भरली. चमचा तोच ठेवला. सरूबाईंना शुगर होती. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. सकाळी गोळी आणि वर चमचाभर भुकटी, असं सुरू झालं. पुढच्या तपासणीत शुगर आटोक्यात आली. सरूबाई खूश झाल्या आणि माझं नशीब पालटलं.

"ह्या डब्याचा गुण हाय," त्या येईल त्याला सांगू लागल्या. शेजारणी वाटी घेऊन यायच्या. सरूबाई मूठभर भुकटी द्यायच्या आणि कुणी पैसे काढले तर हात मागे घ्यायच्या. औषधाचे पैसे घेतले की त्याचा गुण जातो, असं त्या मानतात. गोळीचं नाव कुणी काढत नव्हतं. कौतुक सगळं माझं. मला ते जड जायचं.

एके दिवशी त्यांची जाऊ कुशाबाई आली. चहा पिता पिता म्हणाली, "सरू, झाडपाल्यावर विंग्रजी गोळी चालत न्हाई. पथ्य मोडलं की गुण मारला जातो."

सरूबाईंना ते लगेच पटलं, कारण मनात आधीच होतं. त्यांची सून नीलम, सतीशची बायको, कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. शिफ्टवरून आली की तिच्या कपड्यांना उग्र वास यायचा, डोकं धरून बसायची. "ह्या गोळ्या तिच्याच कंपनीतल्या. ज्याच्या वासानं पोरीचं डोकं उठतं, ते मी रोज पोटात घालू व्हय?" त्या जावेला म्हणाल्या.

पण नीलमला काय सांगायचं? ती रोज गोळ्यांची पट्टी तपासायची. गोळी उकिरड्यावर टाकावी तर कोंबड्या टिपतील. मग सरूबाई रोज पट्टीतली गोळी काढायच्या, चमच्याने भुकटी बाजूला सारायच्या आणि गोळी माझ्या तळाशी पुरायच्या. पट्टी रिकामी होत गेली, नीलम निर्धास्त झाली. माझ्या पोटात गोळ्या साठत राहिल्या. ओरडावंसं वाटायचं, पण डब्याला बोलता येत नाही.

त्यातच शेतात बाजरीचं धसकट त्यांच्या पायाच्या अंगठ्यात घुसलं. सरूबाईंनी हळद दाबली. जखम भरेना. अंगठा काळा पडू लागला तरी त्या भुकटीचा चमचा वाढवत राहिल्या. चमचा खोल जायचा, गोळ्यांना लागायचा. सरूबाई तो हळूच वर घ्यायच्या.

शेवटी ताप चढला. सतीशने शिक्रापूरहून येऊन त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. "गोळ्या रोज घेत होत्या का?" डॉक्टरांनी फोनवर नीलमला विचारलं.

"व्हय, रोज. पट्ट्या मी सोता बघितल्यात," नीलम म्हणाली. मग आईंना दवाखान्यात भुकटी लागेल म्हणून ती पुडी बांधायला बसली आणि मला परातीत उपडं केलं. तपकिरी भुकटीवर पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. नीलम तिथेच, परातीपुढे, रडायला लागली. थोड्या वेळाने तिने डॉक्टरांना परत फोन लावला.

अंगठा गेला, पाय वाचला. घरी आल्यावर सरूबाई सुनेकडे बघेनात.

"आई, मला सांगायचं तरी," नीलम म्हणाली.

"तुझ्याच कंपनीतल्या म्हनून भ्याले. तुला कसं सांगू?"

नीलमने गोळी पुढे केली, पाण्याचा तांब्या धरला आणि सरूबाईंनी गोळी गिळेपर्यंत ती जवळ बसून राहिली. आता रोज तसंच बसते.

मला पुन्हा घासलं. आता माझ्यात पट्ट्या असतात. भुकटी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरतं. कुणी वाटी घेऊन येत नाही आणि त्याचं मला बरंच वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. आई, आजी, आबा त्यातून रोज काहीतरी घेत असतील. त्यांना रागावू नका. जवळ बसा, कशाची भीती वाटते ते विचारा. आणि त्या डब्याच्या तळाशी एकदा हात घालून बघा.