तोबिउमेतली गर्दी

जपानमधल्या नागोयात सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट मिळतं, त्याचं कुणाला नवल नाही. पण गेला महिनाभर तोबिउमे कॉफीच्या दुकानात पाऊल टाकलं की तोमोएच्या मनात पाल चुकचुकायची. कंपनीची दुकानं दुप्पट झाली होती, शेअरचा भाव चौपट. नवऱ्याच्या, यासुमासाच्या, निवृत्तीचे अर्धे पैसे आधीच त्यात गेले होते. उरलेले तिच्या नावावर होते आणि दोघांचं म्हातारपण त्यांच्यावरच निघायचं होतं. तेही आज बाजार उघडताच टाकायचे, असा यासुमासाचा हट्ट.

"अगं, डोळ्यांनी बघ की! बसायला जागा नाही. अशी कंपनी बुडेल होय?"

"गर्दी दिसतेय हो. पण मला मेलं काहीतरी खटकतंय."

"तुला काय, लग्नात माझे बूटसुद्धा खटकले होते."

"मग? उसनेच निघाले ना?"

यासुमासाने अंडं सोललं आणि खिशातून कुपन काढून बशीखाली सरकवलं. शेअर घेणाऱ्यांना कंपनी फुकट कॉफीची कुपनं पाठवायची. त्या हौसेपायीच अर्ध्या आळीने शेअर घेतले होते.

तोमोएने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथेही बशीखाली कुपन. त्यापलीकडेही. ती ताडकन उठली.

"आज मी रोख देते."

हजार येनची नोट बघून गल्ल्यावरची बाई गडबडली. वाकून वाकून माफी मागत म्हणाली, "सुट्टे नाहीत हो. सकाळच्या वेळी पैसे देतंय कोण? सगळी कुपनंच येतात." गल्ला खरंच रिकामा होता.

तोमोए तडक मागे फिरली. ती टेबलाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, यात गिऱ्हाईक एकही नाही! सगळे आपल्यासारखे शेअरवाले. आपलेच पैसे आपण पितोय! माझा एक येन मिळायचा नाही. आणि आधीचेही विका, आत्ताच्या आत्ता."

यासुमासाने दुकानभर नजर फिरवली. समोरचा न्हावी, कचेरीतला जुना सोबती, शेजारचं जोडपं. त्याने फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"विकतो गं," तो हळूच म्हणाला. "पण घेणार कोण? घेणारे सगळे इथेच बसलेत."