पोतारलेलं घर

गरिबांना घरदुरुस्तीचं सरकारी कर्ज द्यावं का, यावर चावडीत दिवसभर काथ्याकूट झाला. ठरलं, साहेब येऊन घरं बघतील.

आता साहेब म्हंजे पाव्हणा! कस्तुराबाईनं भेगा लिंपल्या, भिंती पोतारल्या, खचल्या तुळईचा टेकू लुगड्यानं झाकला, दारात रांगोळी घातली. साहेब चहा प्याले, "घर झकास आहे," म्हणाले आणि तिचं नाव खोडून गेले.

आमच्या सरपंचानं, बलभीमरावानं, वाडा सोडून आपला पडका गोठा घर म्हणून दाखवला. कर्ज त्यालाच मंजूर!

पुढच्या सभेत हाच शहाणा कस्तुराबाईकडं बोट करून गरजला, "ज्यांना घर नीट ठेवता येत न्हाय, त्यांना कर्ज कशाला?"

टाळ्या लई पडल्या.