वाऱ्याची बाही

"बाबूभाई, बस ना एका जागी! खांब काई पळून नाई चालला," चौकीदार भैयाजी म्हणाला.

बाबूभाई बसला नाही. तासाभरात तो त्या नव्या खांबाभोवती दहा वेळा तरी फिरला असेल. काखेत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची गुंडाळी. वारा कुठून येतो हे वैमानिकाला दाखवायला खांबावर कापडी मोजा लावतात, तो. विमानतळाचे साहेब त्याला विंडसॉक म्हणत. बाबूभाई पडला शिंपी, त्याला ती सरळ बाहीच दिसायची.

तीस वर्षं दर पावसाळ्यानंतर ही बाही तोच शिवत आला होता. तेव्हा इथे महिन्यातून एखादं छोटं विमान उतरायचं. आता धावपट्टी लांब झाली होती आणि आज अकराला मोठं विमान चाचणीसाठी येणार होतं. बाहेरून मागवलेला विंडसॉक वेळेत पोचेना, म्हणून साहेबांनी परवा घाईघाईने बाबूभाईला निरोप धाडला.

तेव्हापासून माणसाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बायकोने, साबिराने, केलेला चहा आज दोनदा गार झाला. मोठं विमान माझी बाही पाहून उतरणार, हे गल्लीत ज्याला त्याला सांगून झालं होतं. आयुष्यभर गल्लीचे सदरे शिवले, पण त्यासाठी कुणी मान वर केली नव्हती. आज सगळी गल्ली वर पाहणार होती.

आणि बाही खांबाच्या गोल लोखंडी कडीला लावताना घोळ निघाला. नवी कडी जुनीपेक्षा मोठी होती. बाबूभाईने जुन्याच मापाने शिवलं होतं. माप न घेता कापड कापणारा शिंपी! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कसं?" भैयाजी घाबरला.

"आत कापड दाबून ठेवलं आहे. लेकरायच्या कपड्याले ठेवतो ना, वाढतेत म्हणून. तसंच."

तो उन्हात मांडी घालून बसला, टाके उसवले, दाबलेलं कापड मोकळं केलं. सुईत दोरा जाईना, तेव्हा भैयाजीने ओवून दिला. सव्वादहाला बाहीचं तोंड कडीवर चपखल बसलं. आता फक्त दोर ओढून ती वर चढवायची होती, तेवढ्यात जीप आली आणि तिच्यातून बाहेरून मागवलेल्या विंडसॉकचं खोकं उतरलं.

साहेब वाईट नव्हते. "बाबूभाई, तुमचंही छान आहे हो. पण ह्याच्यासोबत सर्टिफिकेट आलंय. तपासणीवाले कागद मागतात."

"एकडाव वर चढवून पाहू द्या, साहेब. वारा भरते का नाई, तेवढंच."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आता नको. विमान निघालंय."

बाबूभाईने कडीवरचे आपले टाके स्वतःच उसवले. नव्या विंडसॉकची गाठ ढिली बसली होती, ती न सांगता आवळून दिली. मग सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात झाली. फाटक लांब, म्हणून भैयाजीने त्याला आपल्या मोपेडवर मागे बसवलं.

"वाईट वाटून नको घेऊ, भाऊ."

बाबूभाईला फार वाईट वाटत होतं. मांडीवरची गुंडाळी वाऱ्याने सुटली, तसं त्याने तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. वारा आत शिरला. बाही फुगली, ताठ झाली आणि त्याच्या खांद्यावरून मागे सरळ लांब पसरली. एक टाका हलला नाही.

डोक्यावरून प्रचंड आवाज गेला. त्याने वर पाहिलं नाही.

"काय झालं रे मागं?" भैयाजीने विचारलं.

"काई नाई," बाबूभाई म्हणाला. "जरा जोरानं चालव."