मोहाचे झाड आणि सातवीचा फळा

एप्रिल १९९९. सकाळची शाळा, साडेआठचा सुमार. वनरक्षक पाणी मागायला सातवीच्या वर्गात आला आणि तिथून निघून त्याच वर्गातल्या सोमारीच्या वडिलांना पकडून घेऊन गेला.

मित्रांनो, मी त्या वर्गातला जुना फळा आहे. गाव अहेरीच्या पलीकडचे. माझे सागवान याच जंगलातले. मी कुणाचा, हे मला कधी कुणी विचारले नाही. दरवर्षी मुले बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा वाटून, पाल्याच्या रसात कालवून मला काळे करत. पाहुणे म्हणत, "वा, काय फळा आहे!"

त्या आठवड्यात भूपेश सरांनी माझ्यावर लिहिले होते : माय, माइन, अवर, अवर्स. 'अवर'च्या पुढे वस्तूचे नाव लागते, 'अवर्स' एकटा उभा राहतो. पोरे गोंधळत. रोशन सोमारीचा पेन उचलून ओरडे, "धिस इज माइन पेन!"

"चोट्टा! पेन माहा, अन् इंग्रजीबी चुकलं तुहं!" सोमारी म्हणे.

आमच्या गावात मोहाची झाडे घराघराला वाटलेली असतात. एकाच्या झाडाखाली दुसरा फुले वेचत नाही. फुले दिसावीत म्हणून लोक खालचा पाला जाळतात. आदल्या दिवशी खिडकीसमोरच्या मोहाखालची आग पसरली आणि पलीकडची वनखात्याने लावलेली सागाची रोपे जळाली. सरांना ते ठाऊक होते. पण वनरक्षक पाणी पीत उभा होता आणि सरांना वर्ग दाखवायची हौस आली.

"साहेब, आमच्या पोरी इंग्रजी बोलतेत. सोमारी, ते झाड कोणाचं? सांग."

सोमारी ताठ उभी राहिली. "दॅट ट्री इज अवर्स."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. वनरक्षकाने पेला खाली ठेवला.

"तुमचं हाये? मंग पाला कोणं जाळला?"

"बाबानं. दरसाली जाळते. फुलं दिसाले पायजे ना."

सर दारापर्यंत धावले. "साहेब, ते तर व्याकरण होतं!"

"झाड सरकारचं हाये, सर. हेबी शिकवा."

सोमारीचे वडील झाडूभाऊ पावसाळ्याच्या तोंडाशी कोठडीतून परतले. सोमारी मात्र त्या दिवसानंतर शाळेत आली नाही. सर तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आई बुधरीबाई म्हणाली, "तिले इंग्रजी आली ना, सर? बस झालं आता."

त्यानंतर सरांनी तो धडा शिकवताना पेन, दप्तर, चप्पल एवढीच उदाहरणे घेतली. खिडकीकडे ते पाठ करून उभे राहत. 'अवर्स' त्यांनी इतका घासून पुसला की तिथला माझा रंग उडाला. शब्द माझ्याही अंगावर होते. तो डाग मला योग्यच वाटतो.

पुढे भिंतीवर हिरवा फळा आला आणि मी व्हरांड्यात टेकलो. सरांची बदली झाली. मित्रांनो, शिकलेले मोठ्याने म्हणा, जरूर म्हणा. पण दुसऱ्याला उभे करून म्हणायला लावाल, तेव्हा ऐकायला कोण उभे आहे, तेही बघा.

व्हरांड्यातून तो मोह दिसतो. पाच उन्हाळे त्याची फुले तिथेच सुकली. यंदा झाडाखालचा पाला कुणीतरी झाडून बाजूला सारला आहे. जाळलेला नाही. फुले वेचायला अजून कुणी आलेले नाही.