बर्फाच्या कारखान्यातली नवी डिस्क

मढच्या मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना एका जुन्या कॉम्प्युटरवर चाले. त्यात युनिक्सच्या जातीची प्रणाली होती आणि कॉम्प्रेसर कधी चालू, कधी बंद, हे तीच ठरवी. मासेमारीची बंदी उठायच्या तोंडावर त्याची डिस्क खरखरू लागली. कारखाना सांभाळणाऱ्या निमेशने कॉलेजातल्या मैत्रिणीला, दीप्तीला, मालाडहून बोलावलं.

तिने नवी डिस्क जोडली. आधी तिच्यावर लेबल लिहिलं, म्हणजे कोणता भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची नोंद. मग फायली उतरवल्या. शेवटी डिस्कच्या अगदी सुरुवातीला बूट कोड बसवला. मशीन चालू केलं की आधी हा छोटा कोड जागा होतो आणि पुढची मोठी फाइल उचलतो.

चहा बाहेर आला होता. दीप्ती प्यायला गेली, निमेश आतच राहिला.

"आता बंद करून नव्या डिस्कवर सुरू करायचं," दीप्ती परत आल्यावर म्हणाली. "जुनी एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही."

निमेशची आई मथुरा सोसायटीची अध्यक्ष होती. "बोटी उद्या भरायला येतील, बाय. बर्फ नाही मिळाला तर सगळा गाव माझ्या दारात."

"मग बंद करू ना, मावशी?"

"कर."

नव्या डिस्कवर एकच ओळ उमटली: पुढची फाइल मिळत नाही. जुनी पुन्हा जोडली. ती दोनदा टकटकली आणि गप्प झाली.

"म्हणून म्हणतात, चालत्या मशीनला हात लावू नये," मथुरा म्हणाली.

दीप्तीने पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि नवी डिस्क तपासली. लेबल शाबूत होतं. ती मोठी फाइल यादीत दिसत होती, आकारही बरोबर. फक्त तिच्यापुढे नोंदलेली वेळ ती चहाला गेली होती तेव्हाची होती.

"निमेश, हिला हात कोणी लावला?"

"मी. सगळ्या फायली पुसून जुन्या डिस्कवरून परत कॉपी केल्या. एखादी राहिली असेल तर, म्हणून."

"फाइल तीच आहे रे, पण डिस्कवर दुसरीकडे जाऊन बसली. बूट कोडला नाव वाचता येत नाही. मी बसवला तेव्हा ती जिथे होती, तेवढंच त्याला ठाऊक."

"म्हणजे वाट लागली?"

"नाही. तो परत बसवायचा."

तिने कमांड दिली, पेन ड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडला.

"याने काळजी घेतली म्हणून बंद पडलं?" मथुराने विचारलं.

"हो."

"लहानपणापासून असाच. बांधलेली गाठ सोडून बघणार, नीट बसली का."

निमेश दारात उभा होता. "आई, बर्फाच्या डब्यांत पाणी सोडू?"

"विचारतोस काय? सोड."